अदलाबदलीचे अर्ज

आमचं गाव सहा किलोमीटर सरकलं तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन घरी रिकामी बसले होते. नदीवर धरण होणार, गाव पाण्याखाली जाणार, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत होते, त्यामुळे ते खरंच होईल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका उन्हाळ्यात आर्वीच्या रस्त्यापासून आत, काळ्या रानात, चुन्याच्या रेघा पडल्या. रेघांच्या कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट रोवले गेले, खुंटांवर आकडे रंगवले गेले आणि सगळे त्याला ‘नवं गाव’ म्हणायला लागले. तेव्हा तिथं एकही घर नव्हतं.

कोणाला कोणता प्लॉट ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. शाळेच्या पटांगणात, सगळ्यांसमोर. आलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की इथं वशिला नाही, जातपात नाही, ज्याचं जसं नशीब तसा त्याचा प्लॉट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या गावात वरच्या अंगाला कुणब्यांची आणि तेल्यांची घरं होती, मधे दुकानांची ओळ, आणि उताराच्या टोकाला नाल्याकाठी आमची बौद्धांची वस्ती. पाऊस जास्त झाला की नाला आधी आमच्या चुलीपर्यंत यायचा. ही रचना चिठ्ठ्यांनी एका दुपारी मोडून टाकली. सुताराशेजारी किराणेवाला, पाटलाच्या घरामागे आमच्यातला रोजमजूर, असं काय वाट्टेल ते झालं. मी अठरा वर्षांची होते आणि मला फार आनंद झाला होता. कोणाला सांगितलं नाही, पण झाला होता.

टाळ्या वाजवून घरी गेलेले लोक आठवड्याभरात अर्ज लिहून घ्यायला यायला लागले.

नियम असा होता की दोन कुटुंबं राजी असतील तर त्यांना प्लॉट बदलून घेता येतील. दोघांनी मिळून अर्ज करायचा, प्रत्येकानं आपलं कारण लिहायचं आणि तीन महिन्यांच्या आत द्यायचा. माझे बाबा शिक्षक, त्यामुळे घरात कागद, कार्बन, टाचण्या सगळं असायचं. ते सेलू तालुक्यातल्या एका शाळेवर होते, तिथंच खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. तेव्हा अर्ज लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. अक्षर बरं होतं, आणि ‘भूखंड अदलाबदल करून मिळणेबाबत’ असलं लिहिताना मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

गंमत कारणांची होती. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, पण ते तोंडानं म्हणायची पद्धत नव्हती. लोक ताकाला येत आणि भांडं लपवत. एक म्हातारे गृहस्थ समोर बसून म्हणाले, “लिही बाई, मले शेजार पायजे.”

“शेजार तर आहे ना आजोबा, दोन्हीकडून आहे.”

“तो नाई वं. आपला पायजे.”

मी लिहिलं, ‘वृद्धापकाळामुळे नातेवाइकांच्या सान्निध्याची गरज.’ ते नातेवाईक नव्हते, जातवाले होते, पण आजोबा खूश झाले. दुसऱ्या एकाचा प्लॉट पूर्वेला तोंड करून होता. त्याच्या अर्जात मी लिहिलं की पूर्वमुखी घर त्याच्या पत्रिकेला चालत नाही. त्याच्याशी अदलाबदल करणाऱ्याच्या अर्जात लिहिलं की त्याला पूर्वमुखी घरच हवं आहे. दोन्ही कागद एकाच टाचणीत गेले आणि दोन्ही मंजूर झाले. दमा, गुरांची सोय, विहिरीचं अंतर, मुलीचं लग्न, कारणांना तोटा नव्हता. आमच्या लोकांनी तरी मागे का राहावं? तेही यायचे. विहार आपल्याच ओळीत बांधायचा, तर सगळे एका जागी नकोत का, असं म्हणायचे. मी त्यांनाही लिहून द्यायचे. मनातून मात्र चिडायचे. फुकट मिळालेली गोष्ट ही माणसं रांग लावून परत करत होती.

तोपर्यंत प्रत्येकानं आपापल्या खुंटाजवळ टिनाचं शेड टाकलं होतं आणि गाव राहायला आलं होतं. घरं नंतर बांधायची होती. आमचा प्लॉट मधल्या मोठ्या रस्त्यावर निघाला होता, किराणा दुकानदाराच्या प्लॉटला लागून. त्याला सगळे शेठ म्हणत. जुन्या गावात शेठच्या दुकानात आम्ही सामान घ्यायचो, पण ओट्याच्या आत कधी गेलो नव्हतो. आता त्याच्या शेडमध्ये फोडणी दिली की आम्हाला ठसका लागायचा.

आईला हे पहिल्या दिवसापासून नको होतं. तिचं म्हणणं साधं होतं. जुन्या वस्तीत भिंतीला भिंत होती. तिनं चुलीपुढून हाक मारली की चार घरांतून ओ यायची. उन्हाळ्यात कुरडया घालायच्या तर एकीनं चीक हाटायचा, दुसरीनं भांडं धरायचं, तिसरीनं सोऱ्या दाबायचा, हे एकटीचं कामच नाही. दुपारी गहू निवडतानाही चार जणी असायच्या, आणि कोणाचा नवरा काय बोलला ते गव्हाबरोबर निवडून व्हायचं. आता त्यातल्या तिघी गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या ओळीत गेल्या होत्या. “तिकडं आवाज जात नाई माहा,” ती म्हणायची. बाबा सहा दिवस बाहेर, मी पुढे शिकायला जाणार. मग या मोठ्या रस्त्यावर ती कोणाशी बोलणार, एवढाच तिचा प्रश्न होता. आज लिहिताना तो किती मोठा होता ते दिसतं. तेव्हा मला तो बायकी वाटला.

आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. आई-बाबांचं भांडण नव्हतं, पण एकमेकांना ‘मला हे हवं’ असं सांगायची दोघांनाही लाज वाटायची. आई मला सांगायची, मी बाबांना सांगायचे, आणि उत्तर उलट्या वाटेनं यायचं. घरातलं पोस्टच म्हणा.

मुदत संपायला पंधरा-वीस दिवस राहिले असतील तेव्हा शेठ आमच्याकडे आले. शेजारी राहूनही पहिल्यांदाच आले. बाजेवर टेकले. आईनं चहा ठेवायला घेतला तर म्हणाले, “राहू द्या वहिनी, आत्ताच झाला.” पाणी दिलं ते हातात घेतलं आणि बाजेखाली ठेवून दिलं. मग इकडचं तिकडचं बोलले. शेतातली पऱ्हाटी कशी आहे, गुरुजींची बदली इकडे होते का. आणि मग हळूच म्हणाले, “तुमच्या लोकायची लाइन चांगली बसून राह्यली तिकडं. विहार बी होते म्हणते. माह्या साळ्याचा प्लॉट तिकडंच आला. त्याले इकडं पायजे. तुमचा तर फायदाच हाय. अर्जाचं, हापिसाचं, सारं मी पाहून घेतो. तुमाले काई तरास नाई.”

ते वाईट बोलले नाहीत. आवाजही मऊ होता. सुंठेवाचून खोकला जावा एवढीच त्यांची इच्छा होती. पण ते गेल्यावर मी बाजेखालचा भरलेला पेला उचलला आणि माझं डोकं फिरलं.

आईचं मात्र तोंड उजळलं होतं. तिला तो पेला दिसला नव्हता असं नाही. असले पेले तिनं आयुष्यभर पाहिले होते आणि त्यांचं तिला नवल नव्हतं. “पाय बरं,” ती म्हणाली, “आपल्या मनातलंच झालं. शनिवारी तुह्या बाबाले विचारजो. म्हणा, आईले तिकडंच करमन. आणि तू अर्ज लिहून ठेव.”

मी म्हणाले, “शेठ म्हणते म्हणून जायचं काय आपण?”

“शेठले काय करतं? मले जायचं हाय.”

हे वाक्य मी ऐकलं आणि बाजूला ठेवलं. मला एवढंच दिसत होतं की गावात तीन पिढ्यांत पहिल्यांदा आम्ही नाल्यावरून रस्त्यावर आलो आणि एक माणूस गोड बोलून आम्हाला परत आमच्या जागी बसवत होता. आईला सोबत हवी म्हणून गेलो काय आणि शेठला शेजार नको म्हणून गेलो काय, बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार होतं. मी बघणाऱ्याचा विचार करत होते. आई राहणारीचा करत होती.

शनिवारी मी सायकल घेऊन फाट्यावर गेले. बाबा एसटीतून उतरले, पिशवी कॅरिअरला लावली आणि आम्ही नेहमीसारखे पायी निघालो. दीडेक किलोमीटरचा रस्ता. शेठ आल्याचं मी त्यांना सांगितलं, पेल्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते तापतील. पण ते म्हणाले, “शेठचं सोड. तुह्या आईचं काय म्हणणं हाय? तिले तिकडं करमत असन तर जाऊ. मी तर सहा दिवस बाहेरच राह्यतो.”

एवढं सोपं होतं. मी ‘हो’ म्हणायचं आणि घरी जाऊन अर्ज लिहायचा.

मी म्हणाले, “आई म्हणते, चिठ्ठीनं आलं तेच बरं. इथंच राहू.”

बाबा थांबले. “खरंच म्हणे काय?”

“हो.”

“मले वाटलं नव्हतं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आईबद्दल अभिमान होता, तो मला स्पष्ट ऐकू आला. मग चालायला लागले.

घरी ते हातपाय धूत असताना मी आईला चुलीपाशी जाऊन सांगितलं, “बाबा म्हणते, चिठ्ठीनं आलं ते सोडायचं नाई.” आईनं तव्यावरची भाकर उलटवली. “असं म्हणे काय,” एवढंच म्हणाली. मला तिची थोडी कीव आली, पण पश्चात्ताप झाला नाही. त्या वयात आपल्या तत्त्वासाठी दुसराच सोसतो आहे हे आपल्याला कळत नाही. आपण सोसतो आहोत असंच वाटतं.

मुदत संपली. तोवर जुनं गाव जसंच्या तसं नव्या रेघांवर उतरलं होतं. वरचे वर, खालचे खाली. उतार नसतानाही कोणती ओळ ‘खालची’ ते सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आम्ही चुकीच्या जागी राहिलो आणि त्यामुळे शेठही, कारण मोठा रस्ता सोडून दुकान दुसरीकडे नेणं त्यांना परवडणारं नव्हतं.

पुढचं मी बरंचसं सुट्टीत पाहिलं. मी वर्ध्याला कॉलेजात गेले. आम्ही विटांचं घर बांधलं, शेठनीही बांधलं, मधे कंबरेएवढी भिंत आली. आईनं आपल्या परीनं शेजार करायला घेतला. आमच्याकडे काही चांगलंचुंगलं केलं की वाटीभर शेजारी द्यायचं ही रीत, आणि रिकामी वाटी परत करायची नाही ही दुसरी रीत. आई भरल्या वांग्याची वाटी भिंतीवरून द्यायची. वाटी घासून-पुसून परत यायची, आणि तिच्यात साखर. पुरणाची पोळी दिली, साखर आली. पातोडीची भाजी दिली, साखर आली. दुकानातली कोरडी साखर, चुलीवरचं काही नाही. आई हसून म्हणायची, “चहाची तर सोय झाली.” शेठची सून बोलायला चांगली होती. भिंतीपाशी उभी राहून मुलांच्या तब्येती, भाज्यांचे भाव असं बोलायची. उंबरठ्याच्या आत मात्र कोणी कोणाच्या आलं नाही.

दुसऱ्या वर्षी आई त्यांच्या मागच्या अंगानं गोवऱ्या घेऊन येत होती तेव्हा तिनं सकाळी दिलेली भाजी गाईच्या गव्हाणीत पाहिली. हे तिनं मला दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं, धुणं वाळत घालता घालता. बाबांना सांगू नको म्हणाली. “आपण गाईले जेवू घातलं असं समजायचं.” त्यानंतर तिनं वाटी देणं बंद केलं. मला राग आला, आणि रागाबरोबर एक गोष्ट कळली जी मी लगेच झाकून ठेवली. ही गव्हाण तिनं पाहिली ती माझ्यामुळे.

वस्तीच्या ओळीतल्या विहारात ती सुरुवातीला रोज संध्याकाळी वंदनेला जायची. पण जायचं म्हणजे साडी बदलून, कुलूप लावून, सगळा मोठा रस्ता ओलांडून जायचं. जुन्या वस्तीत ती हात पुसत जायची. हळूहळू ती पौर्णिमेपुरती जायला लागली. तिथल्या बायका थट्टेनं म्हणायच्या, “तुम्ही का बाबा, रोडवरच्या.” थट्टाच होती. पण तिच्यापुरती ओळ बदलली होती, इकडच्यांना ती तिकडची आणि तिकडच्यांना इकडची. कुरडया ती आता थोड्याच करायची, जेवढ्या एकटीच्या हातानं होतील तेवढ्या.

मी एम.ए.ला असताना एका सरांनी शिकवलं की माणूस उखडला की आधी आपल्यासारखे शोधतो, आणि हे तो चांगला की वाईट यापेक्षा त्याच्या भीतीवर जास्त अवलंबून असतं. मी त्यावर निबंध लिहिला. आमच्या गावाचा नकाशा काढला, चिठ्ठ्यांनंतरचा आणि सहा महिन्यांनंतरचा. सरांनी वर्गात वाचून दाखवला. त्यात अर्जांची कारणं होती, पूर्वमुखी प्लॉट होता. आमचं घर नव्हतं. ते एक चौकोन म्हणून होतं, ‘अपवाद’ असं लिहून.

वर्ध्यातल्याच एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागल्यावर मी खोली शोधायला लागले. तीन खोल्या पाहिल्या. दोन कॉलेजच्या मागेच होत्या, नळ घरात, हवेशीर. तिथल्या मालकांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि काही वावगं न बोलता ‘कळवतो’ म्हणाले. त्यातल्या एकानं खरंच कळवलं, खोली देतो म्हणून. तोवर मी नालवाडीतली घेतली होती. ती गल्ली आमच्यासारख्याच नोकरदार बौद्ध कुटुंबांची होती. मालकीणबाईंनी दार उघडलं, समोरच्या भिंतीवर ओळखीची तसबीर दिसली आणि माझे खांदे सैल पडले. त्यांनी आडनाव विचारलं तेव्हा मी ते पटकन सांगितलं. संध्याकाळी त्यांनी भाजी आणून दिली. मी वाटीत घरचं तिखट घालून परत केली. सगळं इतकं सहज झालं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

बाबा निवृत्त झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेले ती ठरवूनच. मी नालवाडीत छोटं घर भाड्यानं घेणार होते, त्याच गल्लीत. दोघांना घेऊन जायचं होतं. आई ओसरीवर बसून तूर पाखडत होती, बाबा खुर्चीत. शेठच्या भिंतीपलीकडे टीव्ही चालू होता. मी सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, “तिथं आपली माणसं आहेत. आईले करमन.”

बाबा हसले. “आता काय करमाचं. मी तर तवाच तयार होतो तिकडच्या लाइनीत जायले. तुही आईच नाई म्हणे. चिठ्ठीनं आलं तेच बरं म्हणे.”

आईचं सूप थांबलं. तिनं बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी तुरीकडे बघत बसले. त्या दोघांनी ही गोष्ट आठ-नऊ वर्षांत एकमेकांसमोर एकदाही काढली नव्हती. मी त्याच भरवशावर जगत होते.

“काऊन,” बाबा म्हणाले, “म्हणलं होतं ना तू?”

“हो,” आई म्हणाली. “मीच म्हणलं होतं.”

आणि ती परत पाखडायला लागली. बाबांनी मान डोलावली. त्यांना अजूनही तिचा अभिमान होता.

थोड्या वेळानं मी चहाचे कप घेऊन आत गेले. आई मागून आली. तूर डब्यात ओतली, झाकण दाबून बसवलं. मला वाटलं आता ती विचारेल, आणि मी सांगून टाकेन. मला सांगायचं होतं. माफी मागायची होती. तिनं ते विचारलंच नाही.

“तुह्या त्या गल्लीत सारे आपलेच हायेत म्हणतं,” ती म्हणाली. “तू मात्र शेजार पाहून खोली घेतली वं.”

“कॉलेज जवळ पडते तिथून,” मी म्हणाले.

कॉलेज वर्ध्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. आईला ते ठाऊक होतं, ती दोनदा येऊन गेली होती. तिनं पदराला हात पुसले आणि स्वयंपाकाला काय करू म्हणून विचारलं.